पाठीवर मावणारी चित्रशाळा: अजिंठ्याच्या डोंगररांगेतून लॅपटॉपपर्यंत

१.
बुलढाणा जिल्ह्यातून डिझाइनच्या शिक्षणासाठी वा कामासाठी परदेशी निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि तिकीट यांच्या जोडीने एक प्रश्न हमखास चर्चेला येतो: लॅपटॉप कोणता घ्यावा? कापूस-सोयाबीनच्या हंगामातून किंवा नोकरदाराच्या बचतीतून उभा राहिलेला हा पैसा लगेच दुसऱ्यांदा उभा राहत नाही. प्रश्न नवा वाटतो, परंतु चित्र काढण्याचे साधन सोबत घेऊन दूरदेशी जायचे तर काय उचलावे आणि काय मागे ठेवावे, हा पेच याच डोंगररांगेत सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पडला होता. हा धागा त्या पेचाचा आणि त्याच्या उत्तरांचा आहे.

२.
प्रथम भूगोल. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. हीच रांग पश्चिमेकडे जाते आणि वाघूर नदीच्या वळणावर तिच्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने लोणारच्या सरोवराची नोंद केली. पाहून झाले, आता प्रश्न होता तो हे सारे कागदावर उतरवून दूरवर नेण्याचा.

३.
हे काम अंगावर घेणाऱ्यांपैकी एक होता जेम्स फर्ग्युसन. मूळचा निळीचा व्यापारी. १८३५ ते १८४२ या काळात त्याने भारतभर हिंडून प्राचीन वास्तूंची रेखाटने केली. त्याच्याजवळ ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचे साधन होते. १८०६ साली विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे पेटंट घेतले होते. एका दांडीवर बसवलेला छोटासा लोलक, एवढेच त्याचे स्वरूप. त्यातून खाली पाहिले की समोरचे दृश्य कागदावर उमटल्याचा भास होतो आणि चित्रकार त्यावरून रेषा ओढतो. नाव कॅमेरा असले तरी त्यात काच-पट्टी नव्हती, रसायन नव्हते. साधन खिशात मावत असे.

४.
वजनाच्या दृष्टीने याहून हलके साधन सापडणे कठीण. तथापि त्याची मर्यादाही स्पष्ट होती. भरपूर उजेड असेल तरच लोलकातील प्रतिमा नीट दिसते. उघड्यावरचे मंदिर, शिखर, खांबांची ओळ यांसाठी ते उत्तम. परंतु लेण्याच्या आतल्या काळोखात, भिंतीवरच्या रंगीत चित्रासमोर त्याचा उपयोग फारसा नाही. आणि रंग तर ते मुळीच टिपत नाही. फर्ग्युसनला हे उमजले होते. १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्याने लेण्यांवरील निबंध वाचला आणि भिंतीवरची चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात असा आग्रह धरला.

५.
त्या आग्रहाचे फळ म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याची अजिंठ्याला नेमणूक केली. मराठी वाचकांना हा गिल पारोच्या कथेमुळे, ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि त्यावरील २०१२ च्या चित्रपटामुळे परिचित आहे. येथे त्याच्या प्रेमकथेपेक्षा त्याचे सामान महत्त्वाचे. त्याने निवडले कॅनव्हास आणि तैलरंग. रंग हवा, आकार मोठा हवा, भिंतीचा भास व्हावा, अशी अपेक्षा असल्यावर दुसरा मार्गही नव्हता. परिणामी काम अतिशय संथ झाले. एकेका भिंतीसमोर महिने जात. वर्षांमागून वर्षे उलटली, आयुष्याचा मोठा भाग त्या दरीत गेला.

६.
तयार झालेली चित्रे समुद्रमार्गे लंडनला जात. तेथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शनात लावण्यात आली. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि गिलच्या कित्येक वर्षांच्या श्रमाची राख झाली. प्रदर्शनात न लावलेली मोजकीच चित्रे वाचली. नीट पाहिले तर दोष कुंचल्याचा नव्हता, रंगांचा नव्हता, प्रवासाचाही नव्हता. चित्रे सुखरूप पोहोचली होती. दोष होता तो प्रत्येक चित्राची एकच प्रत असण्याचा आणि त्या साऱ्या प्रती एकाच छपराखाली ठेवण्याचा. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

७.
आगीच्या आधीच गिलने दुसरे साधन हाती घेतले होते: छायाचित्रणाचा कॅमेरा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली होती आणि १८६० च्या दशकात तीच सर्वत्र रूढ होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी लगेच अंधारात धुऊन पक्की करायची. हाती वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे कॅमेऱ्यासोबत काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू हे सारे बरोबर नेणे आले. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर काच आणखी लवकर वाळणार.

८.
गिलने यावर एक शहाणी तडजोड केली. त्याने दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरला. त्याच्या काचा लहान असतात, म्हणून सामानाचे ओझे कमी होते. आणि जोडचित्र विशिष्ट चष्म्यातून पाहिले की खोलीचा भास होतो. आकार गेला, पण खोली मिळाली. १८६४ साली लंडनमध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. गिलचा कॅमेरा अजिंठा-वेरुळपाशी थांबला नाही; वऱ्हाडात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत तो पोहोचला. लोणारच्या मंदिरांची सर्वांत जुनी छायाचित्रे पाहू जाता त्याच्या कामापर्यंत यावे लागते.

९.
या बदलात काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे. कॅमेऱ्याने वेग दिला. नक्षीतील प्रत्येक रेषा चित्रकाराच्या हाताच्या सवयीतून न गाळता दिली. एका काचेवरून अनेक ठसे काढता येऊ लागले, म्हणजे एका आगीत सर्व नष्ट होण्याची भीती कमी झाली. मात्र रंग पूर्णपणे गेला. अजिंठ्याचा निळा, हिरवा, गेरू यांच्या जागी करड्या छटा आल्या. एकाच साधनात सर्व गुण मिळत नाहीत, हे गिलने स्वतःच्या आयुष्यात दोनदा अनुभवले. एकदा कुंचला हाती घेताना आणि एकदा तो खाली ठेवताना.

१०.
सरकारने मात्र रंगाचा हट्ट सोडला नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेचे विद्यार्थी हंगामामागून हंगाम लेण्यांत राबले. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यांपैकी एक. काम १८८० च्या दशकापर्यंत चालले. हे चित्रकार भारतीय, चित्रे भारतीय भिंतींची, परंतु तयार झालेले कॅनव्हास पुन्हा लंडनलाच रवाना झाले. तेथे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ते ठेवण्यात आले.

११.
१८८५ साली तेथेही आग लागली. शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली किंवा खराब झाली. पहिल्या आगीनंतर एकोणीस वर्षांनी तीच चूक तशीच घडली. त्यात दुसरी हानी मूळ भिंतींची. धूसर झालेले रंग उजळून दिसावेत म्हणून प्रती काढताना भिंतीवर व्हार्निश चढवण्यात आले होते. कालांतराने ते पिवळे-काळे पडले आणि चित्रेच झाकोळली. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून दुरुस्तीचे काम सोपवले. प्रत अधिक चांगली यावी म्हणून मूळ वस्तूलाच धक्का लागला, ही या इतिहासातील सर्वांत कडू नोंद.

१२.
तिसरा आघात जपानमध्ये झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानी चित्रकारांनी अजिंठ्याच्या प्रती करून नेल्या होत्या. १९२३ च्या तोक्यो भूकंपात त्या नष्ट झाल्या. यातून काय तरले? ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन खंडांचे मोठे पुस्तक तरले, कारण त्याच्या छापील प्रती अनेक ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. छापील चित्र मूळ कॅनव्हासइतके मोठे नव्हते, तितके समृद्धही नव्हते. पण ते एकाहून अधिक ठिकाणी होते. लॅपटॉप निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या धाग्यातील एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा.

१३.
बुलढाणा जिल्ह्यात काम करणारा आणखी एक प्रवासी म्हणजे पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझिन्स. मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची त्याची यादी १८९७ मध्ये निघाली आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ मध्ये. लोणारचे दैत्यसूदन मंदिर, मेहकरची जुनी धर्मशाळा, सातगावची मंदिरे यांना त्यात स्थान आहे. त्याच्या काळापर्यंत कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या, म्हणून अंधाराचा तंबू गळून पडला. तरीही त्याने केवळ छायाचित्रावर विसंबून न राहता मोजमाप घेऊन आराखडे काढले. छायाचित्रात रूप दिसते, माप दिसत नाही. तारकाकृती मंदिराचा तळ समजण्यासाठी आराखडाच लागतो.

१४.
आराखडा, रंग आणि प्रत ही तिन्ही कामे एकाच यंत्रात येण्यास आणखी काही दशके जावी लागली. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा ओढायची, ती सरळ करायची, हवी तितक्या वेळा उमटवायची. आजच्या प्रत्येक आरेखन-सॉफ्टवेअरचा तो पूर्वज. परंतु ज्या संगणकावर तो चाले, तो खोलीभर पसरलेला होता. तो प्रवासाला न्यायचा विचारही हास्यास्पद ठरला असता. त्याच काळात भारतात डिझाइनचे शिक्षण उभे राहत होते: अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे.

१५.
उचलून नेता येईल असा संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. ऑसबॉर्न १ हे त्याचे नाव. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंची. बॅटरी नव्हती, भिंतीतील वीज मिळेल तेथेच तो चाले. १९८२ मध्ये ग्रिड कंपास आला. ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज याने त्याला शिंपल्यासारखे मिटणारे रूप दिले, जे आजही लॅपटॉपचे रूप आहे. वजन पाच किलोच्या आत-बाहेर, किंमत मात्र ८,१५० डॉलर. ओझे निम्म्याने घटले आणि किंमत चौपटीहून वाढली. हलकेपणाला वेगळे पैसे मोजावे लागतात, हा नियम तेव्हाच ठरून गेला.

१६.
१९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल हा उलट्या टोकाचा धडा. पडदा उत्तम, बॅटरी दीर्घकाळ चालणारी, पण शिशाची. वजन सात किलोंहून अधिक. लोकांनी तो नाकारला. १९९१ मध्ये त्याच कंपनीने पॉवरबुक आणला आणि कळफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा दिली. ही साधी वाटणारी सोय पुढे सर्वांनी उचलली. त्याच वर्षी सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी हा १०.४ इंची रंगीत पडदा घेऊन आला. गिलच्या कॅमेऱ्याने गमावलेला रंग प्रवासी यंत्रात परत आला तो असा.

१७.
रंग आला, पण कोणता रंग? हा प्रश्न डिझायनरसाठी निर्णायक आहे. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी ही रंगांची सामाईक मर्यादा सुचवली आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाली. आजही स्वस्त लॅपटॉपचे अनेक पडदे ही मर्यादासुद्धा पूर्ण गाठत नाहीत. असा पडदा पाहून केलेले काम छपाईत किंवा दुसऱ्या पडद्यावर वेगळे दिसते. म्हणून माहितीपत्रकात ‘एसआरजीबी शंभर टक्के’ असे आहे का, हे पाहणे पहिले. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामासाठी पी३ ही अधिक विस्तृत मर्यादा उपयोगी. वाचताना रुक्ष वाटणारे हे आकडे म्हणजे अजिंठ्याचा निळा निळाच दिसेल की करडा, याचे उत्तर असते.

१८.
मराठी डिझायनरचा आणखी एक प्रश्न असतो: अक्षर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. परम महासंगणक ही या संस्थेची सर्वपरिचित कामगिरी. पण भारतीय लिप्यांसाठी तेथे झालेले जिस्टचे काम डिझायनरला अधिक जवळचे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फाँट जगभर पोहोचला. त्याचे रेखनकार कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी.

१९.
हे सांगण्याचे कारण असे की युनिकोडपूर्वीचे फाँट संगणकागणिक निराळे होते. तालुक्याच्या गावी बनवलेली लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. परदेशी जाणाऱ्याजवळ अशा जुन्या फाइली असतील, तर त्या निघण्यापूर्वीच युनिकोडमध्ये उतरवून घेणे इष्ट. शिवाय मराठीचे स्वतःचे आग्रह आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. फरक एका ‘र’च्या रूपाचा. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ही पुष्कळ फाँटांत आपोआप येत नाही, तेथे हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. अडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट यावीत म्हणून ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडावी लागते.

२०.
यावरून निवडीचा क्रम ठरतो: आधी काम, मग सॉफ्टवेअर, मग यंत्र. वास्तुरचनेचे रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, यंत्ररचनेचे सॉलिडवर्क्स ही केवळ विंडोजवर चालतात. व्हिडिओचे फायनल कट आणि स्केच ही केवळ मॅकवर. जिल्ह्यातील डीटीपी दुकानांत सर्रास दिसणारे कोरलड्रॉ दीर्घकाळ मॅकवर नव्हते. २०१९ मध्ये ते परतले. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, फिग्मा, ब्लेंडर दोन्हीकडे चालतात. प्रवेश मिळालेल्या संस्थेकडून अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर वापरतात हे आधी विचारून घेतले तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. नावाजलेला लॅपटॉप घेऊन नंतर हवे ते सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही असे कळणे, ही सर्वांत महागडी चूक.

२१.
यंत्राच्या अंतरंगाबाबत थोडक्यात असे. पोस्टर, पुस्तक, संकेतस्थळ यांच्या कामाला १६ जीबी मेमरी पुरते; त्रिमिती आणि व्हिडिओसाठी ३२ जीबी घेतलेली बरी. अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पाटीवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून हा निर्णय खरेदीच्याच दिवशी घ्यावा लागतो. त्रिमिती चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड उपयोगी, परंतु त्यासोबत वजन, उष्णता आणि जड चार्जर येतो. १४ इंची यंत्र रोजच्या प्रवासाला सोयीचे. १६ इंचीवर काम सुखाने होते, पण खांद्याला कळते. वसतिगृहावर बाहेरचा पडदा जोडता येत असेल तर लहान यंत्र घेऊनही काम भागते.

२२.
प्रवासाचे नियम यंत्राच्या रचनेवरही उमटले आहेत. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे विनापरवाना नेता येते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते. मोठ्या लॅपटॉपांची बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते, त्याचे कारण हेच. सुटी बॅटरी आणि पॉवरबँक हातसामानातच ठेवावी लागते. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून येणाऱ्या उड्डाणांत लॅपटॉप जवळ ठेवण्यास मनाई केली. दुबई, अबुधाबी, दोहामार्गे जाणाऱ्या भारतीयांना ती जाचली. काही महिन्यांत मनाई उठली. पण यंत्र हातातून जाऊ शकते, ही जाणीव राहिली.

२३.
विजेचेही तसेच. भारतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. बहुतेक चार्जरांवर ‘१००–२४०’ असे छापलेले असते. तसे असेल तर व्होल्टेज बदलणारे जड यंत्र नको, केवळ त्या देशाचा प्लग पुरे. ब्रिटनचा तीन चौकोनी पट्ट्यांचा, युरोपचा दोन गोल दांड्यांचा, अमेरिकेचा दोन सपाट पात्यांचा. युरोपीय संघाने फोनसाठी डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यामुळे यूएसबी-सीवर चार्ज होणारे यंत्र घेणे दूरदृष्टीचे. वॉरंटी त्या देशात लागू होते का, हे लेखी पाहावे. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या परीने लावते.

२४.
उष्णतेचा मुद्दा बुलढाण्याला नवा नाही. घाटावर हवा बरी. घाटाखाली मलकापूर-शेगावला मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत काम करावे असे म्हटलेले असते. ओली काच वाळू नये म्हणून त्या काळच्या छायाचित्रकाराला सकाळ गाठावी लागे. आजच्या डिझायनरने जड काम त्याच वेळी केले तर यंत्र मंदावत नाही. सुटीत घरी आल्यावर भारनियमनाच्या तासांत बॅटरीच उपयोगी पडते, म्हणून ती किती तास चालते हे परदेशापुरतेच पाहायचे नसते.

२५.
आता पुन्हा त्या आगींकडे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे: कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपमध्ये एक, बाहेरच्या डिस्कवर एक, क्लाउडवर किंवा घरी एक. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या चित्रांना हे भाग्य लाभले नाही, कारण तैलचित्राची दुसरी प्रत म्हणजे पुन्हा वर्षभराचे श्रम. आज दुसरी प्रत काही मिनिटांत होते. म्हणून अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीबरोबर डिस्कचे पैसे आधीच वेगळे काढावेत; गरज पडली तर यंत्र एक पायरी खालचे घ्यावे, पण डिस्क सोडू नये. दोन्ही एकाच पिशवीत मात्र ठेवू नयेत.

२६.
रॉबर्ट गिल १८७९ साली वारला. भुसावळला त्याची कबर आहे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग त्याच भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. बुलढाण्याचा विद्यार्थी परदेशी निघतो तेव्हा घाट उतरून बहुधा याच मार्गावरची मुंबईची गाडी धरतो. भुसावळला गाडी थांबते. पाठीवरच्या पिशवीत कॅमेरा ल्युसिडाची रेषा, तैलचित्राचा रंग, स्टिरिओची खोली आणि कझिन्सचा आराखडा हे सारे दीड-दोन किलोंच्या यंत्रात असते. ज्या भिंतींसाठी हा सर्व खटाटोप झाला, त्या अजून डोंगरात जागच्या जागी आहेत. त्यांच्या प्रती मात्र तीनदा नष्ट झाल्या. पिशवीतली डिस्क काढून दुसऱ्या सामानात ठेवायला एवढा थांबा पुरतो.